केतकीची जोडीदार

"काकू, तुमचा बॅकहँड खरंच असा आहे, की मुद्दाम तसा मारता?"

चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच राहिला. समोर केतकी गावंडे उभी होती. पंधरा वर्षांची, उन्हानं रापलेली, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या, कपाळावर घामाला चिकटलेली कोर्टाची लाल माती. आमच्या अमरावतीच्या क्लबात तेव्हा दोनच टेनिस कोर्टं होती. संध्याकाळी एकावर इंगळे सर शाळकरी मुलामुलींना शिकवायचे आणि दुसऱ्यावर आम्ही बायका खेळायचो. म्हणजे थोडं खेळायचो आणि उरलेला वेळ कडुनिंबाखाली बसून चहा प्यायचो.

"मुद्दाम कशाला मारीन गं?" मी म्हणाले. "तो तसाच आहे."

"नेहमीच?"

"कॉलेजात होते तेव्हापासून."

"छान," ती अगदी मनापासून म्हणाली. "मग नागपूरच्या ओपनला माझ्यासोबत डबल्स खेळता का?"

माझ्या मैत्रिणी खो खो हसल्या. मीही हसले. पंचेचाळिशी उलटलेली बाई मी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तरुणपणी विद्यापीठाच्या संघात राखीव खेळाडू म्हणून दोन वर्षं काढली होती, त्यानंतर लग्न, बदल्या, मुलं. रॅकेट पुन्हा हातात आली ती यांची अमरावतीला बदली होऊन क्लबाचं सभासदत्व मिळाल्यावर. आणि नेटजवळ उभी असताना बॉल अंगावर आला की मी डोळे मिटून घेते, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं.

पण केतकी हसत नव्हती. ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"बरं," मी म्हणाले. का म्हणाले, ते मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी इंगळे सरांनी मला गाठलं. एरवी फार मऊ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, तुम्हीच तिला समजावून सांगा. नागपूरच्या अमृता चांदेकरनं तिला स्वतःहून विचारलं होतं. अमृता! विदर्भात सध्या तिच्याएवढी चांगली डबल्स कोणी खेळत नाही. आणि ही पोट्टी तिला नाही म्हणून आली."

"मग?"

"मग काय? या स्पर्धेवरूनच विदर्भाचा ज्युनिअर संघ निवडणार आहेत. आणि तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलंय. यंदा निवड झाली तर पुढं बघू, नाही तर बारावी होईपर्यंत रॅकेट माळ्यावर. तीन वर्षं हात लावायचा नाही. या वयात तीन वर्षं सुटली की खेळ सुटलाच समजा."

केतकीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सज्जन माणूस, पण एकदा बोलले की शब्द फिरवणारे नव्हेत. मला एकदम ओझं वाटायला लागलं. केतकी सरावानंतर बॉल गोळा करत होती, तिला बाजूला घेतलं.

"अगं, अमृता सोडून मी कशाला? तुझं नुकसान होईल."

"नाही होत काकू."

"पण का?"

"मला तुमच्यासोबतच खेळायचंय," ती म्हणाली आणि बॉल गोळा करायला पळाली.

मी विरघळले. एकदा उन्हातून दमून आली तेव्हा मी तिला लिंबू सरबत पाजलं होतं, एकदा जीवशास्त्रातली आकृती काढून दिली होती. पोरीला माझा लळा लागलाय, अशी मी माझी समजूत करून घेतली. घरी यांना तसं सांगितलंसुद्धा. हे पेपर वाचत होते. "प्रेम आंधळं असतं," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

आमचा सराव सुरू झाला. सकाळी कॉलेजला जायच्या आधी आम्ही कोर्टवर असायचो. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. केतकी मला फारसं काही शिकवायची नाही, कुठं उभं राहायचं तेही सांगायची नाही. "तुम्हाला जिथं बरं वाटते तिथं उभ्या राहा काकू, बाकीचं माझं मी बघते." मी मात्र तिला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून जिवाचं रान करत होते. घरी अंगणातल्या भिंतीवर बॉल मारायची. डोळे उघडे ठेवायचा सराव व्हावा म्हणून मुलाला अंगावर बॉल फेकायला लावायची. वर्गात फळ्याकडे वळताना पाय इतके भरून यायचे की पहिल्या बाकावरच्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या. पण खरं सांगते, कितीतरी वर्षांत सकाळी उठायची इतकी घाई मला झाली नव्हती.

नागपूरला फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं. सिंगल्समध्ये केतकीची दुसऱ्याच फेरीत अमृता चांदेकरशी गाठ पडली. केतकीचा मागून मारायचा फोरहँड काय जोरकस! पण ती बेसलाइन सोडून पुढं म्हणून यायची नाही. अमृतानं ते लगेच ओळखलं. ती बॉल नेटपाशी हलकेच सोडायची आणि केतकी दोन पावलं टाकून थांबायची, जणू पुढं विहीर आहे. सरळ दोन सेटमध्ये मॅच संपली.

मला वाटलं, पोर रडेल. इंगळे सर तर डोकं धरूनच बसले होते. केतकी मात्र हात मिळवल्यावर नेटपाशीच घुटमळत राहिली. मी जवळ गेले तेव्हा ती अमृताला विचारत होती, "तो बॉल तू कसा सोडते? मनगट ढिलं ठेवते का? दाखव नं." आणि अमृता, बिचारी, जिंकल्याचा आनंद बाजूला ठेवून तिला मनगट दाखवत होती.

"आता डबल्सच राहिलं," सर मला म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण ते मला ऐकू आलंच.

पहिल्या दोन जोड्या बेताच्या होत्या. केतकीच्या फोरहँडवर आणि माझ्या नशिबावर आम्ही फायनलला पोचलो. समोर अमृता आणि तिची जोडीदार, एक उंच डावखुरी मुलगी. निवड समितीचे तिघंजण कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसले होते. स्टँड बऱ्यापैकी भरला होता. पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये मी कोर्टवर उतरले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, मुलीला सोडायला आई आतपर्यंत आली वाटते."

पहिला सेट कसा गेला ते आठवलं तरी अजून कानशिलं तापतात. त्या दोघी हुशार होत्या. पहिल्या गेमलाच त्यांनी ओळखलं की या कोर्टवर केतकी नावाची मुलगी नाहीच असं समजून खेळायचं. प्रत्येक बॉल माझ्याकडे. बॅकहँडला, पायाशी, अंगावर, डोक्यावरून. मी इकडून तिकडे पळत होते, रॅकेट फिरवत होते आणि बॉल बहुतेक वेळा जाळीत जाऊन बसत होता. एकदा तर तो माझ्या खांद्याला लागून उडाला आणि स्टँडमध्ये हशा पिकला. सहा-एक असा सेट गेला.

बाजू बदलताना आम्ही बाकावर बसलो. माझा श्वास ठिकाणावर नव्हता.

"केतकी, हे बघ," मी म्हणाले. "पाय मुरगळला म्हणून सांगते. सोडून देऊ. निदान माझ्यामुळं तू हरलीस हे समितीला तरी कळेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. सणाला पाहुणे आल्यावर लहान पोरांचे चमकतात तसे.

"काकू, किती बॉल येऊन राहिले नं तुमच्याकडे!"

"तेच तर म्हणतेय मी!"

"सगळेच्या सगळे!"

"अगं हो!"

"मग आता आपल्याला माहीत आहे नं, बॉल कुठं येणार ते." ती माझ्या कानाशी आली. "आणि आपल्याला माहीत आहे, हे त्यांना नाही माहीत."

मी कपाळाचा घाम पुसून सावरून बसले.

"तुम्ही फक्त खाली वाका," ती म्हणाली. "मी आली म्हटलं की वाकायचं."

दुसरा सेट सुरू झाला. अमृतानं माझ्या बॅकहँडला बॉल टाकला. मागून आवाज आला, "आली!" मी वाकले. डोक्यावरून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं आणि खटकन आवाज झाला. मान वर करून बघते तर बॉल पलीकडच्या कोपऱ्यात, आणि केतकी माझ्या बाजूला, नेटपाशी! जी मुलगी परवापर्यंत नेटला विहीर समजत होती, ती.

पुढच्या पॉइंटला पुन्हा तेच. मग पुन्हा. ती डावीकडून यायची, उजवीकडून यायची, एकदा तर माझ्या मागून वळसा घालून आली. सगळेच बॉल तिला सापडत नव्हते. कित्येक हुकले, एकदा आमच्या दोघींच्या रॅकेटी एकमेकींवर आपटल्या, एकदा मी वाकायला उशीर केला आणि ती माझ्या पाठीवर येऊन आदळली. आम्ही दोघी मातीत. स्टँड हसला, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. आणि मातीत पडल्यापडल्या केतकीही इतकी हसत होती की अंपायरनं तिला उठायला सांगितलं.

हुकलेल्या बॉलचं तिला काहीच वाटायचं नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि जागेवर जाऊन उभी राहायची. एकदा मी कान देऊन ऐकलं. "एक पाऊल आधी निघायचं होतं," एवढंच ती स्वतःला सांगत होती.

दुसरा सेट आम्ही जिंकला. तिसऱ्यात मलाही चेव आला. नुसतं वाकून वाकून कंटाळा आला होता. एक बॉल छातीशी आला, तिची हाक आली नाही, आणि मी डोळे उघडे ठेवून रॅकेट पुढं धरली. बॉल पलीकडे गेला आणि पडून राहिला. "काकूऽ!" स्टँडमधून कोणीतरी ओरडलं. मग दर पॉइंटला "काकू, काकू" सुरू झालं. अख्खं नागपूर मला काकू म्हणायला लागलं. मी आणखी एक मारला, मग त्यांच्या डोक्यावरून एक उंच लॉब मारला, तोही आत पडला. अमृता आणि तिची जोडीदार एकमेकींकडे बघायला लागल्या. आता बॉल टाकायचा कुठं?

मॅच पॉइंट आला. उंच मुलीनं जोरात मारलेला बॉल आम्हा दोघींच्या मधून निघाला होता. केतकीचा आवाज आला, "आली!" मी वाकायला हवं होतं. पण मी वाकले नाही. कुठून बळ आलं कोण जाणे, मी आडवी झेपावले आणि तो बॉल बॅकहँडनं मारला. त्या माझ्या बॅकहँडनं! बॉल जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर थबकला आणि पलीकडे घरंगळला.

सगळा स्टँड उभा राहिला. केतकी धावत आली. मला वाटलं, मिठी मारेल.

"काकू, तो माझा बॉल होता!" ती ओरडली. खरंच चिडली होती. मग एकदम हसली आणि मिठी मारली.

निवड समितीतल्या बाईंनी इंगळे सरांना बोलावून घेतलं. "सिंगल्सला मागं खिळून उभी होती तीच का ही मुलगी?" त्यांनी विचारलं. "ती पुढं येत नाही म्हणून आम्ही नाव खोडणार होतो." संध्याकाळच्या आत संघ जाहीर झाला. केतकी त्यात होती. सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला आणि फोनवरच डोळे पुसले.

पुढं केतकी गावंडे कोण झाली ते टेनिस बघणाऱ्यांना सांगायला नको. तीनदा राष्ट्रीय विजेती झाली, देशाकडून खेळली, खांदा दुखावून दीड वर्ष घरी बसल्यावर ती संपली असं लोकांनी ठरवलं, तेव्हा परत येऊन तिसरं विजेतेपद घेतलं. कधीकधी कोणी पत्रकार माझा पत्ता काढत येतो. तिच्यात लहानपणी वेगळं काय दिसलं, असं विचारतो. मी जिद्द, मेहनत, चिकाटी असं काहीतरी सांगते, तो लिहून घेतो. त्या दिवशी नागपूरहून परत येताना एसटीत काय झालं ते कोणाला सांगितलेलं नाही.

सर दोन दिवसांसाठी नागपूरलाच थांबले होते. आम्ही दोघीच निघालो. कोंढाळीच्या पुढं सूर्य कलला होता. बसमध्ये संत्र्यांचा वास भरला होता, कारण केतकी एकामागून एक संत्री सोलत होती आणि मला फोडी देत होती. जिंकलेला कप माझ्या मांडीवर होता. मी हवेत होते.

"पुढच्या महिन्यात अकोल्याची स्पर्धा आहे," मी म्हणाले. "उद्या एक दिवस विश्रांती घेऊ. परवापासून सराव. या वेळी मी सर्व्हिसवर मेहनत घेणार आहे."

तिनं सोलणं थांबवलं. संत्र्याची साल बोटांत फिरवत राहिली.

"काकू, अकोल्याला मी दुसऱ्या कोणासोबत खेळणार आहे."

माझा चेहरा पडला असणार. पण मी सावरून घेतलं. आता तिला चांगले जोडीदार मिळणारच.

"बरोबर आहे तुझं. अमृता का?"

"नाही. टेंभुर्णे काकू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. टेंभुर्णेबाई आमच्या क्लबात नवीनच आल्या होत्या. रॅकेट झाऱ्यासारखी धरायच्या. त्यांची सर्व्हिस नेटवरून गेली की आम्ही टाळ्या वाजवायचो.

"टेंभुर्णेबाई? अगं, त्यांना काहीसुद्धा येत नाही!"

"म्हणूनच तर," केतकी म्हणाली. मग माझ्याकडे वळून बसली. "काकू, एक सांगू? रागावणार नाही नं?"

"सांग."

"सर मला दोन वर्षांपासून सांगून राहिले, पुढं ये, पुढं ये. पण मला येताच येत नव्हतं. मागं उभी राहून माझं भागून जाते नं, मग पाय निघतच नाहीत. अमृतासोबत खेळली असती तर तिनं पुढचं सगळं घेतलं असतं. मी आपली मागंच. मग मी पाहिलं, आपल्या क्लबात सगळ्यात..." ती अडखळली.

"सगळ्यात वाईट कोण खेळतं?"

"तेव्हा टेंभुर्णे काकू आल्या नव्हत्या," ती ओशाळून म्हणाली. "तुमच्यासोबत असली की समोरचे सगळे बॉल तुमच्याकडेच टाकणार. मग मला धावावंच लागणार. दुसरा उपायच नाही."

"आणि निवड? बाबांनी रॅकेट माळ्यावर टाकली असती तर?"

"टाकली असती." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "त्याची भीती वाटली होती काकू. दोन रात्री झोप नाही आली. पण पुढं येताच आलं नसतं, तर निवड होऊन तरी काय केलं असतं? तिथं पहिल्याच मॅचला मार खाल्ला असता."

मला लिंबू सरबत आठवलं, जीवशास्त्राची आकृती आठवली. पंधरा वर्षांच्या पोरीनं सगळ्या क्लबात हिंडून, पारखून, सगळ्यात मोठी अडचण निवडली होती. आणि ती अडचण म्हणजे मी!

"मग आता मी काय वाईट केलं?" मी विचारलं. "मलाच ठेव की."

"तुम्ही सुधारल्या नं, काकू!" ती कळवळून म्हणाली. "शेवटी शेवटी तर त्यांनी तुमच्याकडे बॉल टाकायचंच बंद केलं. शेवटचा तर तुम्ही माझ्या हातातून घेतला. आता माझ्या काय कामाच्या तुम्ही?"

मला हसू फुटलं. ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कप मांडीवरून घसरला, कंडक्टर वळून बघायला लागला. आधी केतकी घाबरली, मग तीही हसायला लागली. अमरावती येईपर्यंत आम्ही दोघी अधूनमधून एकमेकींकडे बघून नव्यानं हसत होतो.

हे एसटी स्टँडवर घ्यायला आले होते. "काय झालं?"

"जिंकलो," मी कप त्यांच्या हातात देत म्हणाले. "आणि मला काढून टाकलं."

अकोल्याला मी गेलेच. नागपूरची ती उंच डावखुरी मुलगी जोडीदाराच्या शोधात होती, तिनं मला विचारलं. सेमीफायनलला समोर केतकी आणि टेंभुर्णेबाई. मी जोडीदाराला एवढंच सांगितलं की प्रत्येक बॉल टेंभुर्णेबाईंकडे टाकायचा, एकही चुकवायचा नाही. "पण काकू, अशानं ती मुलगी..." ती म्हणाली. "टाक तू," मी म्हणाले.

आम्ही टाकत राहिलो आणि केतकी धावत राहिली. पुढं, मागं, आडवी, उभी. टेंभुर्णेबाई मध्यभागी झारा धरून उभ्या होत्या आणि ती त्यांच्याभोवती भिंगरीसारखी फिरत होती. आम्ही हरत होतो, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या सेटच्या मध्यावर मी सगळं बळ एकवटून एक बॉल टेंभुर्णेबाईंच्या बॅकहँडला, अगदी रेषेवर टाकला. केतकी झेपावली, मातीत पडली, बॉल रॅकेटच्या टोकाला लागून निसटला. आमचा पॉइंट झाला. ती तशीच मातीत बसून माझ्याकडे बघत होती, तोंडभर हसत, कपाळापासून गुडघ्यापर्यंत लाल.

"काकू, पुन्हा टाका!" ती ओरडली. "तस्साच पुन्हा टाका!"